वीस पावलं मागं

दिवेलागण झाली असेल तर बरं. झाली नसेल तर तशी कल्पना करा. पाठ भिंतीला टेकवा, पाय सैल सोडा, हातातलं काम तसंच राहू दे. एका माणसाची आठवण काढायची आहे आणि ती घाईनं निघत नाही.

आधी जागा बघू. उचगाव, तालुका करवीर. कोल्हापूर शहर सरलं असं वाटतं तिथं हे गाव लागतं. एका अंगाला पुणे-बेंगळुरू हायवे, तावडे हॉटेलचा चौक, रात्रभर न थांबणारे ट्रक. दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. मध्ये कुठं कुठं अजून ऊस. सावकाश श्वास घ्या. हवेत डिझेल आहे आणि थंडीचे दिवस असतील तर गुऱ्हाळाचा वाससुद्धा.

आता केएमटीच्या बसथांब्याकडं बघा. तिथं एक माणूस उभा आहे. थांब्यावर नव्हे, थांब्याच्या वीस पावलं मागं, खांबावरच्या दिव्याचा उजेड अंगावर पडणार नाही अशा बेतानं. पाय किंचित फाकलेले, हात पाठीमागं बांधलेले, नजर रस्त्यावर. पलटणीत याला विश्राम म्हणतात. त्या उभं राहण्यात विश्रांती किती असते, ते उभं राहणाऱ्यालाच ठाऊक.

हे माझे नाना. माझे सावत्र वडील.

‘सावत्र’ हा शब्द तोंडात थोडा वेळ धरून ठेवा. त्याच्या मुळाशी सवत आहे. म्हणजे शब्द जन्मला तोच बायकांच्या भांडणातून. सावत्र आईच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. सावत्र बापाची गोष्ट आजीनं सांगितल्याचं मला आठवत नाही. त्याला हाक काय मारायची, हेसुद्धा भाषेनं ठरवून ठेवलेलं नाही. मी नऊ वर्षांची होते. पहिली दोन वर्षं मी त्यांना कशानंच हाक मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची, ते माझ्याकडं बघेपर्यंत. मग गल्ली त्यांना नाना म्हणायला लागली आणि मला वाट मिळाली. गल्लीचे नाना, म्हणून माझेही नाना. बाबा ही हाक भिंतीवरच्या फोटोसाठी राहिली. त्या फोटोचा हार दर दसऱ्याला नानाच बदलायचे.

ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि हवालदार होऊन पेन्शनीवर आले. पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नव्हतं. येताना एक काळी ट्रंक आणली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. स्वतःच्या लढाईच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत. सांगितलं ते संतरी ड्यूटीचं. रात्री दोन ते चार. बर्फात पायाची बोटं हलवत राहायचं. मागं तंबूत माणसं झोपलेली, त्यातली निम्मी नावानंसुद्धा ओळखीची नसायची. जमीन आपली नाही, घर आपलं नाही, तरी ‘थम, कौन आता है’ म्हणायचं ते आपणच.

इथं जरा थांबू.

पेन्शनीनंतर ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वॉचमन झाले. पुन्हा रात्रपाळी, पुन्हा दुसऱ्याचं सामान राखणं. मी क्लासहून शेवटच्या बसनं यायची त्या दिवशी ते ड्यूटीला उशिरा जायचे आणि त्या वीस पावलांवर उभे राहायचे. बसमध्ये मैत्रिणी असत. ‘हे कोण गं?’ असं कुणी विचारलं तर पोरीला काय सांगावं ते सुचणार नाही, म्हणून मागं. बस निघून गेली, मैत्रिणी पांगल्या, की पुढं यायचे आणि दप्तर घ्यायचे. त्या वीस पावलांचं कारण मला आईनं सांगितलं, तेही माझं लग्न झाल्यावर.

तुमच्या मागं असं कुणी उभं होतं का? लगेच नाव आठवलं नाही तर राहू दे. चेहऱ्याआधी कधीकधी पावलांचा आवाज आठवतो.

रविवारी ते मला सायकलवर पुढं दांडीवर बसवून वळिवड्याकडं न्यायचे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, घरदार हिरावलेली, रशियातून इराणमार्गे इथवर आलेली. पुढं फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर वसलं. पोलंडची फौज तेव्हा इटलीत लढत होती आणि त्याच इटलीत मराठा पलटणीही होत्या. नाईक यशवंत घाडगे १९४४ साली तिथंच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ साली सेनियो नदीच्या पाण्यातून जखमी साथीदारांना वाहून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही नावं नाना सायकल चालवता चालवता सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “बघ की, तेंची पोरं हितं, आमची माणसं तिथं. कोण कुणाचं राखतंय, हाय का काय हिशेब?”

तेव्हा मला ते इतिहासाचं बोलणं वाटायचं.

एकदा एका कचेरीत माझा कुठलासा दाखला काढायचा होता. कारकुनानं कागद वरखाली बघितला आणि आडनाव वेगळं कसं म्हणून विचारलं. नाना म्हणाले, “आडनाव तेंचं. पोरगी माझी.” आवाज चढला नाही. माझं नाव त्यांनी कधी बदलू दिलं नाही. या एका वाक्यापाशी मी अजून बसते. तुम्हीही बसा थोडा वेळ. त्यात दोन माणसं आहेत, एक गेलेला आणि एक उभा असलेला, आणि कुणीच कुणाला सरकवत नाही.

करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. कायदा आला तरी उंबरा लवकर हलत नाही. बाबा गेले तेव्हा आईच्या बांगड्या दारातच फोडल्या होत्या. तो आवाज मी ऐकलाय. नानांशी लग्न झाल्यावरसुद्धा हळदीकुंकवाला तिला बोलावताना बायका घुटमळायच्या. मग ४ मे २०२२ ला आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं बंद. नानांनी ती बातमी कापून आरशाच्या चौकटीत खोचली, आई रोज केस विंचरते तिथं. मला जवळ बोलावून म्हणाले, “माझ्यामागं हिच्या बांगड्यास्नी हात लावू द्यायचा न्हाई. ही तुझी ड्यूटी.” त्यांनी मला सोपवलेली ती एकच ड्यूटी.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. पलटणीतले चार जुने सोबती आले, तिरडीपाशी ताठ उभे राहिले आणि शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. वयानं आवाज फाटले होते. एक म्हातारी आईच्या हाताकडं सरकली. मी मध्ये उभी राहिले. पाय किंचित फाकलेले होते, हे मला नंतर कळलं.

आता पुन्हा थांब्यावर येऊ. श्वास जसा चाललाय तसा चालू दे. रात्र झाली आहे. शेवटची बस येते, दार उघडतं, पोरी उतरतात, हसतात, आपापल्या गल्लीत वळतात. बसचा लाल दिवा हायवेकडं लहान होत जातो. मागं वळून बघायची घाई नको. सायकल स्टँडवरून काढल्याचा आवाज येतो. खांद्यावरचं दप्तर हलकं होतं.

“चल,” ते म्हणतात, “भाकरी गार व्हाय लागलीया.”