पिना वाकल्या की वाकवल्या?

गेल्या दिवाळीत गडहिंग्लजला मामाकडे गेलो, तेव्हा मामेभावाचा नवा पीसी असेंबल करून दिला. तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. दोन सीझनच्या कमाईतून त्याने सत्तर हजार रुपये साठवले होते. पार्ट मी निवडले, पुण्यातल्या एका दुकानातून मीच घेऊन आलो. 'दादा इंजिनियर आहे' एवढ्या भांडवलावर घरच्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं होतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, हातात स्क्रू ड्रायव्हर वर्षातून एकदा येतो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण डिस्प्ले आला नाही.

मामाने विचारलं, "काय रे, बिघडलं काय?" आणि मी लगेच उत्तर दिलं, "मदरबोर्ड फॉल्टी असणार." तोवर मी काहीही तपासलं नव्हतं. बोर्ड बिचारा नुकताच खोक्यातून बाहेर आला होता, त्याची बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून तो दोषी.

नवा पीसी सुरू होत नाही, तेव्हा कारण बहुतेक वेळा जोडणाऱ्याच्या हातातच असतं. प्रोसेसरला वीज देणारी वेगळी आठ पिनांची केबल लावायची राहते. रॅम 'टक' आवाज येईपर्यंत दाबलेली नसते. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली असते. कॅबिनेटमधला एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाला मागून टेकून शॉर्ट करतो. कधी तर काहीच बिघडलेलं नसतं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना स्वतःला जुळवून घ्यायला काही मिनिटं घेते, आणि तेवढा वेळ काळा स्क्रीन सहन न होऊन आपणच वीज बंद करतो.

मी एकेक करून सगळं तपासलं. बोर्डावरचा रॅमचा छोटा दिवा पेटलेलाच राहत होता. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम धरला. दोन रॅम होत्या, दोन स्लॉट वापरात होते. प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये कोणतीही रॅम लावली तरी डिस्प्ले नाही. चौथ्यात कोणतीही लावली तरी डिस्प्ले येतो. म्हणजे रॅम निर्दोष. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि त्याच्या तारा सॉकेटच्या पिनांमधून जातात. मी प्रोसेसर काढून मोबाइलचा टॉर्च मारला. सतराशे पिनांच्या शिस्तीत उभ्या रांगा, आणि एका कोपऱ्यात दोन पिनांवर प्रकाश वेगळाच चमकत होता.

"पिना वाकल्यात," मी म्हणालो.

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. मराठीत ही फार मोठी सोय आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, पिना वाकतात. कर्ता गायबच. 'मी वाकवल्या' म्हणायला फक्त एक 'व' जास्त लागतो, पण तो जिभेवर येत नाही. वर मला खरंच खात्री नव्हती. फॅक्टरीतून तशाच आल्या असतील, वाहतुकीत काही झालं असेल. हे अशक्य नाही. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, हे आपण लहानपणापासून सिनेमांत ऐकत आलोय. अडचण एवढीच की, इथे आरोपी मी होतो, न्यायाधीशही मीच, आणि शंका काढणारा वकीलही मीच.

तेवढ्यात मामेभाऊ म्हणाला, "दादा, मी सगळं शूट केलंय की. बघूया काय?"

मी म्हणालो, "राहू दे आता, उशीर झालाय."

खरी चूक मला इथे दिसते. हात सटकणं हा अपघात आहे. पण पुरावा खिशात असताना 'नक्की सांगता येत नाही' म्हणणं हे माहीत नसणं नव्हे. ते मी जपून ठेवलेलं अज्ञान होतं. आपण खोटं बोलायच्या आधी एक पायरी असते: खरं कळू नये अशी व्यवस्था करणं. त्या पायरीवर कुणी आपल्याला खोटारडा म्हणत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची.

अंथरुणात पडून हिशोब केला. बोर्ड चौदा हजारांचा. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत. पूर्वी पिना प्रोसेसरला असायच्या. २००४ मध्ये इंटेलने एलजीए ७७५ आणून डेस्कटॉपवर त्या सॉकेटमध्ये नेल्या, २०२२ मध्ये एएमडीनेही एएम५मध्ये तेच केलं. नाजूक भाग प्रोसेसरवरून बोर्डावर आला, आणि त्याबरोबर 'कुणी मोडलं' हा वादही. 'खोक्यातूनच अशा आल्या' म्हणून पाहता आलं असतं. एवढ्या मोठ्या कंपनीला चौदा हजारांनी काय होतंय?

कांटने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात, परत करायचा विचार नसताना पैसे उसने मागणाऱ्याचं उदाहरण घेतलंय. सगळेच असं करू लागले तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही. कॉलेजात वाचलं तेव्हा ते पुस्तकी वाटलं होतं. पण वॉरंटीच्या काउंटरवर ते रोज घडतं. तिथला माणूस आधी सॉकेटचा फोटो काढतो, मग आपलं ऐकतो. असे नियम बनतात ते आधी येऊन खोटं बोलून गेलेल्यांमुळे. माझ्या खोट्याची किंमत कंपनीच्या ताळेबंदात दिसणारही नाही. ती चुकवेल खरोखर फॉल्टी बोर्ड घेऊन आलेला पुढचा कुणीतरी, ज्याचं खरं कुणी ऐकणार नाही. तो कदाचित माझ्या मामेभावासारखाच दोन सीझन राबून आलेला असेल.

सकाळी आम्ही व्हिडिओ पाहिला. कॅमेरा तिरका आहे, माझ्या हाताने अर्धं झाकलंय. पण एका क्षणी प्रोसेसर बोटांतून निसटतो, त्याचा कोपरा सॉकेटवर पडतो, मी पटकन उचलून पुन्हा ठेवतो आणि म्हणतो, "झालं." माझ्याच तोंडचा शब्द.

आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की कुणालाही दोष न देता अहवाल लिहायची पद्धत आहे. ती चांगली आहे, कारण भीती असली की माणसं लपवतात. पण कुणाला दोष न देणं म्हणजे कुणी काही केलंच नाही असं नव्हे. 'मी हे केलं' निर्धास्तपणे म्हणता यावं, म्हणून तर ती पद्धत.

मी मामासमोर ते वाक्य म्हटलं, 'व'सकट. मामा म्हणाला, "हात हाय, सटकायचाच." नवा बोर्ड माझ्या पैशांनी आला. दुकानदाराला खरं सांगितलं, त्याने काही सवलत दिली नाही, द्यायचं कारणही नव्हतं.

कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी स्वतःला तपासतो, त्याला पोस्ट म्हणतात, पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. दुसऱ्या खेपेला बटण दाबल्यावर स्क्रीन बराच वेळ काळाच राहिला. "दादा, परत?" "थांब. तपासू दे त्याला." मग डिस्प्ले आला.

मामेभावाने त्या पीसीवर पहिला व्हिडिओ एडिट केला तो त्याच्याच असेंब्लीचा. निसटण्याच्या जागी थांबून त्याने विचारलं, "एवढं कापू काय?"

'नको' म्हणायला मला हवा होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला.