पालथी बादली

शुक्रवारी माझा भाचा त्याच्या दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आठ दिवसांसाठी येतोय. ती आता भिंतीला, खुर्चीला, हाताशी येईल त्याला धरून उभी राहते, हे त्यानं फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. फोन ठेवला आणि मी आधी न्हाणीघरात जाऊन बादली रिकामी केली.

कारण तोही असाच धरून धरून उभा राहायला लागला होता, तेव्हाची गोष्ट मला विसरता येत नाही. अकरा महिन्यांचा होता तो. बहीण तेव्हा जालन्याला राहायची. नळाला चार दिवसांआड पाणी. पाणी आलं की पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, पातेलीसुद्धा भरून ठेवायची. भरलेली बादली ही तिथं घरातल्या बाईच्या टापटिपीची खूण. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून बहीण गॅस बंद करायला आत गेली. मी गच्चीवर कुरडया उलटत होते. भाच्याचे वडील ओसरीवर पेपर वाचत होते. बाळाच्या पायात चांदीचे वाळे होते, बारीक घुंगरांचे. बहीण सांगते, ते वाजायचे थांबले, एवढंच तिला जाणवलं.

ती धावली. बाळ न्हाणीघरातल्या अर्ध्या भरलेल्या बादलीत डोक्यावर उलटं होतं. पाणी उडाल्याचा आवाज नाही, रडणं नाही, काही नाही. तिनं ओढून बाहेर काढलं तेव्हा ते खोकलं, ओकलं आणि मग रडलं. रात्रभर दवाखान्यात ठेवलं. सुखरूप घरी आलं.

घरी आल्यावर जो कोणी भेटायला आला त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता. "लक्ष कुठं होतं गं तुझं?" सासूबाईंनी विचारलं, शेजारच्या काकूंनी विचारलं, दूध घालायला आलेल्या मावशींनी विचारलं. मीही विचारलं. ओसरीवर बसलेल्या बापाला कुणी काही विचारलं नाही. बहीण मान खाली घालून ऐकत होती. रात्री मी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले, तर ती बादली तिथंच होती, कालच्याच जागी, कालच्याच पाण्यानिशी. सगळ्यांनी आईला बोल लावला होता आणि बादलीला कुणी हातही लावला नव्हता.

आपण मुलांच्या सुरक्षिततेचा सगळा भार 'लक्ष' या एका शब्दावर टाकतो. पण लक्ष ही माणसाची गोष्ट आहे. ते दूध उतू गेलं की तिकडे जातं, दाराची बेल वाजली की उठतं, रात्रभर जागलेल्या आईच्या डोळ्यांत दुपारी दोन वाजता मिटतं. चोवीस तास न ढळणारं लक्ष कुठल्याच आईकडे नसतं आणि तसं ते मागणं अन्याय आहे. बादली मात्र चोवीस तास तिथंच असते.

आणि मूल बुडतं ते आपल्या कल्पनेतल्यासारखं हातपाय मारत, ओरडत नव्हे. या वयात डोकं अंगाच्या मानानं जड असतं. कडेला धरून वाकलं की तोल पुढे जातो, आणि स्वतःला वर उचलण्याइतकं बळ दंडांत नसतं. बादलीनं तरी कलंडावं, तर तीही कलंडत नाही. अर्ध्या बादलीत दहा लिटर पाणी, म्हणजे दहा किलो वजन, बाळाच्या स्वतःच्या वजनाइतकं. नाक-तोंड बुडायला तर पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. यातलं काहीच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बहिणीलाही नव्हतं. तिनं दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून न्हाणीघराच्या दाराला आपल्या खांद्याच्या उंचीवर एक कडी बसवून घेतली. पाणी तर साठवायलाच लागणार होतं, ते ओतून देणं परवडणारं नव्हतं. त्या एका कडीनं मात्र पुढची दोन वर्षं तिच्या वाटचं राखणं केलं.

माणसाला बोल न लावता वस्तूच बदलणारे श्रीलंकेत डॉ. विजय गोडकुंबुरा नावाचे एक शल्यचिकित्सक होते. तिथल्या गरीब घरांत काचेच्या बाटलीत रॉकेल घालून, वात सोडून दिवा करत. हलक्या, उंच बाटल्या. धक्का लागला की आडव्या होणार, गडगडणार, फुटणार. भाजलेली माणसं, त्यात कितीतरी मुलं, त्यांच्यापुढे यायची. त्यांनी एक बुटका, जाड काचेचा दिवा तयार केला. दोन्ही बाजू सपाट, म्हणून आडवा झाला तरी गडगडत नाही. झाकण आट्यांचं, म्हणून तेल सांडत नाही. या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं, की रोज भाजलेली मुलं पाहूनही आयांवर न चिडता त्यांनी दिवा बदलला. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकणही असंच आलं, १९६७ साली, कॅनडातल्या विंडसर गावी, एका बालरोगतज्ज्ञाच्या ध्यासातून.

बादली रिकामी केल्यावर मी माझं घर त्या नजरेनं पाहिलं. देवघराशी थांबले. तिथं एका वाटीत खडीसाखर आणि शेजारच्या डबीत कापूर. दोन्ही पांढरे, दोन्ही चकचकीत. मोठ्यांना वासावरून फरक कळतो, दहा महिन्यांचं मूल आधी तोंडात घालतं. आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, थोड्याशा कापरानंही. इतकी वर्षं आरती करते आहे, पण ही वाटी आणि डबी शेजारी शेजारी आहेत हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. डबी आता वरच्या फळीवर गेली.

खालच्या खणात गणपतीतल्या बॅटरीवरच्या पणत्या सापडल्या. खऱ्या ज्योतीपेक्षा बऱ्या, म्हणून हौसेनं आणलेल्या. एकीचं बूड नुसत्या नखानं उघडलं आणि नाण्याएवढी चपटी बॅटरी तळहातावर पडली. घरातली बहुतेक माणसं हिला निरुपद्रवी समजतात. ती अन्ननलिकेत अडकली, तर ओल्या जागी तिच्यातून वीज वाहू लागते, भोवती तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत आतला भाग खोलवर भाजू शकतो. त्यासाठी बॅटरी फुटावी लागत नाही. वापरून संपलेली म्हणून बाजूला काढलेली बॅटरीही हे करू शकते. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट मोठं रुग्णालय गाठायचं आणि क्ष-किरण फोटो काढायचा. वाट बघण्यासारखी ही गोष्ट नव्हे. पणत्या, रिमोट, वाजणारी भेटकार्डं, सगळी पिशवीत बांधून माळ्यावर टाकली.

माझ्या उशाखालच्या मधुमेहाच्या गोळ्यांचं पाकीटही उचललं. त्यातल्या काही गोळ्या अशा असतात, की एकच पोटात गेली तरी मुलाच्या रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते. नातवंडं आली की पदराशी, बटव्याशी, उशाशी खेळतात आणि आजीआजोबांची औषधं नेमकी तिथंच असतात. फिनेल मी सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलं होतं. ते मूळ डब्यात गेलं, डबा कुलपात. गॅलरीच्या कठड्याला लागून ठेवलेलं स्टूल आत आलं. फुटाण्यांची बरणी वर गेली, कारण लहान मुलाची श्वासनलिका त्याच्या करंगळीएवढीच असते.

बाजारात यासाठी मऊ कोपरे, खणांच्या पट्ट्या, जिन्यांची फाटकं मिळतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावीत. पण माझं मन पुन्हा पुन्हा जातं ते एका खोलीच्या घरांकडे. तिथं स्टो जमिनीवर, पाण्याचं पिंप दाराशी, रॉकेलची बाटली त्याला टेकून, आणि आई कामावर गेलेली. मुलाला सांभाळतेय सात वर्षांची ताई. त्या ताईला 'नीट लक्ष ठेव हं' म्हणून निघून जाणाऱ्या घरमालकाला भिंतीत एक फळी ठोकून देणं जमण्यासारखं आहे. चार विटांचा ओटा करून स्टो जमिनीवरून उचलणं जमण्यासारखं आहे. पिंपाला घट्ट झाकण मिळवून देणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं मूल दिवसभर कुठं असतं, हे एकदा विचारून पाहा. मी इतक्या वर्षांत काल पहिल्यांदा विचारलं. त्यांच्या पिंपाला झाकण नाही. या रविवारी आम्ही दोघी मिळून आणायला जाणार आहोत.

रात्री बहिणीचा फोन आला. तिची नात येतेय ना माझ्याकडे.

"ताई, बादली?"

"पालथी घातली."

"दोन्ही?"

"दोन्ही. आणि न्हाणीघराला वर कडी लावून घेतली आज."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग मुगाची खिचडी कशी घोटायची, तूप किती, मीठ किती, ते तिनं सविस्तर सांगायला घेतलं.