चरबी, तेल आणि अमानत

मुंबई-गोवा महामार्ग पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जातो. या जंगलात काहीच वाया जात नाही. गळलेल्या पानाची माती होते, मेलेला जीव दुसऱ्याचे अन्न होतो. वाचकहो, निर्मात्याची ही व्यवस्था पाहून स्वतःला विचारा: अल्लाहचे नाव घेऊन ज्या जनावराचा प्राण आपण घेतो, त्याचे मांस तेवढे ठेवून चरबी, हाडे आणि खूर नाल्यात फेकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चरबी आणि हाडे पाण्यात उकळली की तेल वर येते. त्यापासून साबण होतो, वंगण होते. गुरांच्या खुरांचे आणि नळ्यांचे तेल चामडे मऊ ठेवते. मिथेनॉलची प्रक्रिया केल्यास या चरबीपासून इंजिनात चालणारे इंधनही बनते. फेकून दिलेली हीच चरबी गटारात थिजते आणि पाणी नासवते.

सूरह आराफच्या 31 व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आहे, तशीच उधळपट्टीची मनाईही आहे. दान मिळालेली एक बकरी मेली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी तिचे कातडे उपयोगात का आणले नाही, असे विचारले, हराम होते ते तिचे खाणे. मात्र मेलेल्या जनावराच्या चरबीच्या विक्रीला त्यांनी परवानगी दिली नाही. म्हणजे उपयोग हे कर्तव्य असले, तरी त्याला मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा उगमाची: चरबी हलाल जबिहाचीच असावी. दुसरी कुर्बानीची. कोकणात बहुसंख्य मुस्लिम शाफई मसलकाचे आहेत. त्यात कुर्बानीचा कोणताही भाग विकून पैसा घेता येत नाही. चरबी गरजूला दान द्यावी. त्याच्या मालकीची झाल्यावर तो ती विकू शकतो. हनफी मसलकात विक्रीची रक्कम सदका करावी लागते.

तिसरी मर्यादा सचोटीची, आणि तीच सर्वांत कठीण. 1857 साली काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने हिंदू आणि मुस्लिम शिपाई सारखेच बिथरले. न सांगता दिलेली चरबी हा श्रद्धेवरचा घाला असतो. शाकाहारी शेजाऱ्याच्या हाती जाणाऱ्या साबणात काय आहे, हे लपवून मिळवलेला नफा हलाल कसा ठरेल?

देवनारसारख्या मोठ्या कत्तलखान्यात चरबी एका जागी जमते. गावात ती घरोघरी विखुरलेली असते. तेव्हा ईदपूर्वीच गावच्या जमातीने ती गोळा करण्याची आणि योग्य कारखान्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था लावावी. हे काम पालिकेवर ढकलून आपली जबाबदारी संपत नाही.

अल्लाहपर्यंत मांस पोहोचत नाही, रक्तही नाही. पोहोचतो तो तकवा, असे सूरह हज शिकवते. सुरी फिरवताना तो आपल्या जिभेवर असतो. मांस वाटून झाल्यावर, उरलेल्या चरबीपाशीही तो आपल्याजवळ असतो का, हे प्रत्येकाने तपासावे.