कोयता म्हणजे किती माणसं?

बारामती-इंदापूरकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की एक हिशेब कानावर येतो : "मुकादमानं यंदा किती कोयते आणले?" माळेगाव असो, सोमेश्वर असो, नाहीतर भवानीनगरचा छत्रपती कारखाना, मजूर मोजायचे ते कोयत्यात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, पैसे टनावर निघतात आणि वहीत नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं.

समजा, सर्वेक्षणाचा टॅबलेट घेऊन कुणी या टोळीच्या कोप्यांवर गेलं. रकाना आहे 'मजुरांची संख्या'. मुकादम म्हणतो, "वीस." काय लिहायचं? वीस की चाळीस?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात हा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो : रकाना आकड्याचा, आकडा भरा, पुढे चला. पण मला तो नीतीचा प्रश्न वाटतो. वर्णनात्मक संशोधनाचं काम 'जसं आहे तसं' सांगण्याचं. त्यासाठी तीन वाटा : प्रश्नावली घेऊन फिरणं, बसून मुलाखत घेणं आणि नुसतं बघणं. अडचण अशी की या तिन्ही वाटा वेगवेगळं 'जसं आहे तसं' सांगतात. मग खरं कुणाचं धरायचं?

बारामती एमआयडीसीत शिफ्ट सुटताना एखाद्या पोराला विचारा, "कुठं काम करतोस?" तो कंपनीचं नाव सांगेल. गावात, सोयरिकीच्या बैठकीत, सगळीकडे तो तेच सांगतो. गळ्यातल्या कार्डावर मात्र ठेकेदाराचं नाव असू शकतं. तो खोटं बोलत नाही. घाम कंपनीतच गळतो. पण पगार, पीएफ आणि उद्या कामावरून कमी करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातात आहे. देशातल्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीत थेट कामगार आणि ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार वेगळे मोजतात. हा फरक दिसतो तो रकाने दोन आहेत म्हणून.

इथपर्यंत सोपं आहे. आता गाठ अवघड होते.

सर्वेक्षक वस्तीवरच्या एका घरी जातो. "ताई, तुम्ही काय काम करता?" "काही नाही, घरीच असते." अंगणात दोन गायी. शेण तिनं काढलेलं, धार तिनं काढलेली, दूध डेअरीला गेलेलं. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात 'फक्त घरकाम' याला ९२ हा कोड आहे. तो लागला की ती बाई कामकऱ्यांच्या गणतीतून बाहेर. त्याच सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याला २१ हा कोड मिळतो आणि तो माणूस कामकरी ठरतो. व्याख्या तिच्या बाजूची आहे, तिचं स्वतःचं उत्तर मात्र तिच्या विरुद्ध.

मग आपण तिचं उत्तर खोडून डोळ्यांना दिसलं ते लिहायचं का? मोह होतो. मला ते पटत नाही. आज आपण तिच्या भल्यासाठी उत्तर बदललं, उद्या दुसरा कुणी घरात टीव्ही दिसला म्हणून "हे कसले गरीब?" असं लिहून मोकळा होईल. माणसाच्या बोलण्यावर स्वतःचा डोळा चढवण्याची मुभा एकदा घेतली की ती कुणाच्या बाजूनं वापरली जाईल याची हमी नाही. आणि तिचं उत्तर जसंच्या तसं लिहून हात झटकावेत, तर जो समज तिला लहानपणापासून शिकवला गेला त्यावरच आपण शिक्का मारतो.

मला दिसणारी वाट अशी : उत्तर बदलू नये, प्रश्न बदलावा. "काम करता का?" याऐवजी "काल पहाटेपासून काय काय केलंत?" असं विचारलं की तीच बाई बोटांवर मोजायला लागते. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, असा अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला होता. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ निघाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. कुणाचं उत्तर कुणी खोडलं नव्हतं.

प्रश्न न विचारण्याची किंमत कोयत्यातल्या बाईनं मोजली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली जातायत, हे आधी मुलाखतींतून बाहेर आलं. पण सुट्या कहाण्यांना 'अपवाद' म्हणता येतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणी झाली : ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. म्हणजे साधारण सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यात तो प्रश्न होता, म्हणून तुलना करता आली. आकड्यानं 'किती' सांगितलं. 'का' सांगितलं ते बायकांच्या बोलण्यानं : पाळीमुळे घरी राहिलं तर खाडा पडतो, खाड्याला दंड. आणि फडात जाऊन बघणाऱ्याला दिसलं की आडोसा नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी आहे. एकही वाट सोडली असती तर चित्र अर्धं राहिलं असतं.

अर्थात, मुकादम शेजारी उभा असताना घेतलेली मुलाखत ही मुकादमाचीच मुलाखत असते. तेव्हा "संमती आहे" या चौकटीत टिक करणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं.

याला खर्च येतो, हे मान्य. माणसागणिक वेगळी ओळ, कालच्या दिवसाचा हिशेब, बाईशी एकटीशी बोलणं : दहा मिनिटांचा फॉर्म पाऊण तासाचा होतो. सर्वेक्षकाला पैसे फॉर्मगणिक मिळत असतील, तर हा भार त्याच्या खिशावर टाकून चालणार नाही. तो अभ्यास काढणाऱ्यानं उचलायचा. दिवसभर मोळ्या वाहून आलेली बाई आपल्याला पाऊण तास देते. तिच्याकडून आपण घेतो ते फुकटच असतं.

राहिला मुकादमाचा "वीस". तो वीसच लिहावा, कारण या धंद्यात माणूस कसा मोजला जातो हीसुद्धा नोंद आहे. त्याच्या खाली चाळीस ओळी उघडाव्यात, प्रत्येकीत एक नाव. आणि बाईच्या ओळीतलं उत्तर तिनंच द्यावं.