अप-डाऊन

सकाळी वाटूर फाट्यावर जालन्याकडून आलेल्या एसटीतून उतरणारी माणसं ओळखू येतात. खांद्याला डब्याची पिशवी, डोळे मोबाइलवर. शेगाव-पंढरपूर रस्ता मंठ्याकडून येऊन इथूनच परतूरला जातो. त्यामुळे शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून यांची पांगापांग याच फाट्यावर होते. संध्याकाळी तीच माणसं उलट्या बाजूची गाडी धरायला उभी. मराठवाड्यात याला अप-डाऊन म्हणतात. कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत म्हणून गावकरी चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच आहे. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, भाड्याला धड घर नसणं, ही कारणंही खोटी नाहीत. पण ती सगळी सांगून झाली तरी एक उरतंच: ज्या कामात जीव रमत नाही, त्या कामाच्या गावात माणूस बिऱ्हाड कशाला करील?

हे बोलायची मात्र सोय नाही. 2023च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एवढ्या गर्दीतून जो आत शिरला, त्याने 'मला कंटाळा आलाय' म्हणायचं? घरचे विचारतील, सुख दुखतंय का?

आपली भाषा इथे फार खरं बोलते. बोअरला पाणी लागतं, तशीच नोकरीही 'लागते'. टँकरवर उन्हाळे काढलेल्या घराला बोअरच्या पाण्याची चव विचारायची नसते. लागलं, हेच पुष्कळ. आभाळाकडे न बघता दर महिन्याला येणारा पगार हे त्या घराचं पहिलं बागायत. म्हणून काम कसलं आहे हे ना मुलगा विचारतो, ना मुलीकडचे. मिळवायची असते ती जागा. काम नंतर तिच्या पाठीमागून येतं, आणि तीस वर्षं सोबत राहतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या जिल्ह्यात असा कंटाळा म्हणजे चोचले, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दारिद्र्य जवळून पाहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच प्रश्न काढला होता. उद्योगव्यवस्थेतलं मोठं दुखणं नुसती गरिबी नव्हे, तर असंख्य माणसांना न रुचणाऱ्या धंद्यात राहावं लागणं, असा त्यांचा मुद्दा. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, त्या कामात कार्यक्षमता कुठून येणार, असं ते विचारतात. त्यांचा रोख जातीने गळ्यात बांधलेल्या धंद्यांवर होता. भरतीने दिलेली नोकरी म्हणजे ते जोखड नव्हे, आणि आरक्षणामुळे तिचं दार कित्येकांना पहिल्यांदा उघडलं, हे विसरून बोलणं कृतघ्नपणाचं होईल. तरीही मनाबद्दलचा त्यांचा प्रश्न उरतोच.

त्यातून काम आतून पोखरलं जातं ते वेगळंच. शिक्षकाचं घ्या. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून त्याला अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, आणि 'आजच्या आज' मागवलेली माहिती, जी गेल्या महिन्यातही दिलेली असते. यातली काही कामं कायद्यात बसतातही. दिवस जायचा तो जातोच. थकवा वर्गात उभं राहण्याचा नसतो. आपण पाठवलेला तक्ता कोणी उघडणारही नाही, हे ठाऊक असण्याचा असतो. कामातून स्वतःचा निर्णय काढून घेतला की मागे नुसती हजेरी राहते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांनी 2018मध्ये अशा निरर्थक नोकऱ्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्यासमोर मुख्यतः शहरी कचेऱ्या होत्या. फाट्यावरच्या माणसाला त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आणि हा माणूस आळशी नसतो. रविवारी तोच गावाकडे, शेतात दिसतो. ठिबकची नळी कुठे तुंबली ते उन्हात वाकून शोधतो, तोंडाने फुंकून पाहतो, दुपारचं जेवण विसरतो. त्या कामाचा अहवाल कोणाला पाठवायचा नसतो. पण शेत गोड लागतं तेही पगारामुळेच, हे त्याला कळतं. सोयाबीनचा भाव पडला तरी सोमवारी त्याच्या डब्यात भाकरी असते. बांधावर बसून त्याच्याकडे बघणाऱ्या बापाला ही सोय कधी नव्हती.