टाकणे आणि त्यागणे

आषाढी जवळ आली की पायी वारीच्या आगेमागे आता सायकलवारीही निघते. पुण्याहून, नाशिकहून आणि इतरही गावांहून सायकलस्वार पंढरीची वाट धरतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात एकसारखे रंगीत सदरे, हँडलला छोटी भगवी पताका. पुण्याहून निघालेले काही जण २०० किलोमीटरहून अधिक वाट एका दिवसात कापतात. जुन्या वारकऱ्यांपैकी काहींना हे रुचत नाही. 'ही वारी नव्हे, खेळ आहे,' असे ते म्हणतात. मला तसे वाटत नाही. पंढरीकडे तोंड करून जो निघाला तो पायी असो वा चाकावर, आपलाच. आणि आपला आहे म्हणूनच त्याच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

काही वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीवर आम्ही चार-पाच जणांनी या मंडळींसाठी चहा, केळी आणि पाण्याची सोय केली होती. एक तरुण थांबला. त्याने पाठीवरच्या खिशातून एक चंदेरी पुडी काढली, दातांनी फाडली आणि आतला गोड चिकट रस तोंडात पिळला. त्याला ते लोक जेल म्हणतात. दमल्या अंगाला लगेच ताकद येते. रिकामी पुडी त्याने शेजारच्या उसात भिरकावली, आम्हाला हात जोडून 'माऊली' म्हणाला आणि पुढे गेला. त्याच्या नमस्कारात काही खोट नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले.

ज्यांचा तो ऊस, त्या आजी आमच्याबरोबर पाणी द्यायला उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्या ती पुडी हातात घेऊन आल्या. म्हणाल्या, "त्या पोराचं काय तरी पडलं बघा. महागाचं दिसतंय. माघारी आला तर द्या." आणि त्यांनी ती पुडी चहाच्या टेबलावर कपाखाली जपून ठेवली.

पाहुण्याने आपल्या शेतात मुद्दाम काही टाकले असेल, हा विचारच त्या माऊलीच्या मनाला शिवला नव्हता. 'आजी, पडले नाही, टाकले,' असे सांगायला माझी जीभ रेटली नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतो आहे. आपण एखादी वस्तू टाकतो तेव्हा नेमके काय करतो?

आपल्या संप्रदायात त्यागाचा महिमा मोठा. 'माझे' म्हणणे सोडा, असे संत सांगत आले. वरवर पाहिले तर पुडी फेकणाऱ्यानेही 'माझे' म्हणणे सोडलेच की! पण ते कधी सोडले, ते पाहावे. पुडी भरलेली होती तोवर ती त्याची होती. पैसे देऊन घेतलेली, खिशात जपलेली, ५०-६० किलोमीटर वाहून आणलेली. रस संपला आणि त्याच क्षणी ती कोणाचीच उरली नाही. भरलेल्या पुडीचे ओझे झाले नाही, रिकामीचे झाले. गोडी माझी आणि चोथा जगाचा, हा त्याग नव्हे. ही तर ममतेचीच उलटी बाजू आहे. त्यागात आपण आपल्याला हवी असलेली वस्तू सोडतो. टाकण्यात नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

सायकलीच्या मोठ्या जगातही हा प्रश्न उभा राहिला आहे. युरोपातल्या शर्यतींत धंदेवाईक सायकलपटू रिकाम्या बाटल्या रस्त्याकडेला फेकत आणि टीव्हीवर ते पाहून हौशी मंडळीही तसेच करत. २०२१ च्या एप्रिलपासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने नियम कडक केला. एकदिवसीय शर्यतीत ठरवून दिलेल्या जागेबाहेर बाटली किंवा कचरा टाकेल तो बाद. काही दिवसांतच बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या शर्यतीत स्वित्झर्लंडचा मिखाएल शेर हा सायकलपटू या नियमाखाली बाद झाला. त्याने बाटली टाकली होती ती रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या दिशेने. त्यानंतर त्याने एक खुले पत्र लिहिले. १९९७ साली आई-वडिलांबरोबर टूर दी फ्रान्स पाहायला गेलो असताना लहानपणी मला अशीच एक बाटली मिळाली, तिनेच मला सायकलपटू व्हायची ओढ लावली, असा त्याचा आशय होता. पुढे संघटनेने शिक्षा थोडी सौम्य केली आणि पहिल्या चुकीला दंडावर निभावू लागले.

या गोष्टीत मला मोठा अर्थ दिसतो. बाटली तीच, हाताची हालचालही तीच. पण पलीकडे घेणारे हात असतील तर ते देणे होते, नसतील तर टाकणे होते. लहान पोराच्या हाती पडली तर प्रसाद, ओढ्यात पडली तर घाण. मग कोणतीही वस्तू हातातून सोडण्यापूर्वी एवढेच विचारावे की, ही मी कोणाच्या हाती देतो आहे?

'तिथे कोणी नव्हते,' असे उत्तर येईल. वारकऱ्याला हे उत्तर देता येत नाही. जो ठायी ठायी पांडुरंग पाहायला निघाला, त्याला 'कोणी नाही' अशी जागा सापडणार कुठे? आणि देवाचे राहू द्या, माणसाचेच पाहिले तरी उसात आजी होत्याच. त्या नसत्या तर त्यांची गाय असती. वेगामुळे फेकणाऱ्याला एवढेच होते की उचलणारा दिसत नाही.

फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस नावाची १,२०० किलोमीटरची सायकलफेरी आहे. १८९१ साली ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती चार वर्षांनी भरते, जास्तीत जास्त ९० तासांत पुरी करायची असते, आणि आपल्याकडचे सायकलस्वारही तिथे जातात. तिथे पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेवरच्या खेड्यांतली माणसे रात्री-अपरात्री दारापुढे टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी, पाणी, खाऊ देतात. कित्येक जण पैसे घेत नाहीत. घरी पोचल्यावर पत्र टाका, एवढेच म्हणतात. हे वाचले की आपल्या पालखी मार्गावरची गावे आठवतात. रस्ता सरकारचा असला तरी वाटेवर आपण कोणाचे तरी पाहुणे असतो. पाहुण्याच्या वागण्याला शिष्टाचार म्हणतात, आणि तो फक्त नमस्कारापुरता नसतो.

सायकलस्वारांचे काही रिवाज तर आपण शिकावेत असे आहेत. पुढचा स्वार खड्डा दिसताच हाताने मागच्याला दाखवतो. मागून गाडी आली की मागचा पुढच्यांना ओरडून सावध करतो. पुढे जाणाऱ्याला मागच्याची काळजी, हा दिंडीचाच धर्म. मग ज्या हाताने मागच्याला खड्डा दाखवायचा, त्याच हाताने मागच्यासाठी कचरा कसा सोडायचा?

आता हे सगळे त्या तरुणाला सांगायला मी निघालो, आणि त्याच वर्षी एका मुक्कामाहून आमची दिंडी उठली तेव्हा काही विसरले म्हणून माघारी गेलो. जिथे आम्ही पंगतीला बसलो होतो ते शेत पाहिले. कागदी द्रोण, प्लॅस्टिकचे पेले, पाण्याच्या बाटल्या. शेताचा मालक एकटा पोत्यात भरत होता. मला पाहताच त्याने पोते बाजूला ठेवले आणि माझ्या पाया पडला. त्या तरुणाची एक पुडी होती. आमचे एक शेत होते. किती वर्षे मी असाच जेवून उठलो आणि रामकृष्ण हरी म्हणत पुढे गेलो, त्याचा हिशेब कोण देणार?

आपली सवय एकेकाळी निरुपद्रवी होती, हेही खरे. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवून बांधावर टाकली की गुरे खात, उरले ते मातीत जाई. वस्तू बदलली, हात तोच राहिला. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. निर्मल वारीसारख्या उपक्रमांनी पालखी मार्गाचे रूप पुष्कळ पालटले. तरीही कायदा हाताला धरतो, मनाला धरत नाही. मनाला धरणारे आपल्याकडे गाडगेबाबा होऊन गेले. त्यांनी आधी गाव झाडले आणि मग कीर्तनाला उभे राहिले. तो क्रमच त्यांचे कीर्तन होता.

योगायोग असा की टूर दी फ्रान्समध्ये सगळ्यांच्या मागून एक गाडी चालते, तिला झाडूगाडीच म्हणतात. १९१० पासून ती आहे. थकून मागे राहिलेल्यांना ती गोळा करते. हौशी फेऱ्यांतही शेवटी एक स्वार मुद्दाम ठेवतात. पण मागे झाडणारा आहे म्हणून पुढच्यांनी सांडत जावे असे नव्हे. रथापुढची दिंडी असो वा रथामागची, प्रत्येकीच्या मागे कोणीतरी आहेच, आणि सर्वांत शेवटच्या दिंडीच्या मागे गाव आहे.

म्हणून दोन्ही वाऱ्यांतल्या माऊलींना हात जोडून एवढेच मागणे आहे. सायकलवारीतल्या माऊलींनो, एक खिसा रिकाम्या पुड्यांसाठी ठेवा. पायी वारीतल्या माऊलींनो, पडशीत आपले ताट-पेला असू द्या, आणि पंगत उठली की विणेकऱ्यापासून सर्वांनी शेताकडे एकदा वळून पाहावे. ज्या वाटेची धूळ आपण कपाळी लावतो, ती मागून येणाऱ्यालाही कपाळी लावता आली पाहिजे.

ती पुडी न्यायला तो तरुण अर्थातच माघारी आला नाही. संध्याकाळी टेबल आवरताना मी ती कपाखालून काढून माझ्या पिशवीत घातली. आजींनी पाहिले आणि विचारले, "पोचती कराल ना?" मी हो म्हणालो. हा लेख म्हणजे तेवढेच करण्याचा प्रयत्न आहे.

रामकृष्ण हरी.