राजाश्रयाची किंमत

श्पायरचा बिशप र्‍यूडिगर हुत्समान याने १०८४ साली ज्यू कुटुंबांना आपल्या शहरात राहायला बोलावले. त्यांच्या येण्याने गावाची प्रतिष्ठा हजारपटीने वाढेल, असे त्याने सनदेत नोंदवून ठेवले. ऱ्हाईनकाठच्या या गावाला मोठे शहर व्हायचे होते आणि त्यासाठी दूरदूरच्या बाजारपेठांशी संबंध असलेले व्यापारी हवे होते. सनद उदार होती. सोन्याचांदीचा व्यवहार करण्याची मुभा, आपसातील तंटे आपल्याच प्रमुखापुढे सोडवण्याचा अधिकार, चर्चच्या मालकीच्या जमिनीतून दफनभूमी, जमावापासून रक्षणासाठी वस्तीभोवती भिंत. बदल्यात वर्षाला साडेतीन पौंड चांदीची नाणी.

त्या भिंतीतच सगळी गोम आहे. जमाव चालून येऊ शकतो, हे बोलावणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

बारा वर्षांनी तो आलाच. १०९६च्या मे महिन्यात जेरुसलेमकडे निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या टोळ्या ऱ्हाईनच्या खोऱ्यात शिरल्या. श्पायरच्या नव्या बिशपने बहुतेकांना वाचवले. तेथे अकरा जण मारले गेले. वर्म्स आणि माइंझमध्ये मात्र शेकडोंची कत्तल झाली. माइंझच्या आर्चबिशपने आसरा दिला होता, पण हल्लेखोर वाड्यात घुसले तेव्हा तो स्वतःच पळून गेला. बाप्तिस्मा घेण्यापेक्षा अनेकांनी आपल्या मुलांना आणि मग स्वतःला संपवले. हीच ती शहरे, जिथे रब्बी गेर्शोम यांनी ज्ञानपरंपरा उभी केली आणि जिथे फ्रान्समधून आलेला तरुण रशी शिकला. त्याने लिहिलेले तालमुदचे भाष्य आजही पानोपानी वाचले जाते.

संरक्षण मिळत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कोणत्या स्वरूपाचे होते? १२३५ साली फुल्डा येथे ख्रिस्ती मुलांच्या हत्येच्या आळापायी ३४ ज्यूंना ठार मारण्यात आले. सम्राट दुसऱ्या फ्रीडरिखने जाणकारांकरवी चौकशी केली आणि १२३६ मध्ये हा आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. त्या काळी असे बोलायला धैर्य लागत होते. मात्र त्याच फर्मानात त्याने जर्मनीतील सर्व ज्यूंना आपल्या खजिन्याचे दास ठरवले. न्याय मिळाला तो मालमत्ता म्हणून. आणि मालमत्ता गहाण टाकता येते, विकता येते.

रोथेनबुर्गचे रब्बी मेइर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. करांना आणि जाचाला कंटाळून १२८६ मध्ये ते सहकुटुंब देश सोडून निघाले. कर भरणारी माणसे हातची जाणे राजा रूडोल्फला परवडणारे नव्हते. मेइर यांना पकडून कैदेत टाकण्यात आले. परंपरा सांगते की, आपल्यासाठी खंडणी देऊ नका, नाहीतर उद्या प्रत्येक रब्बी पकडला जाईल, असे त्यांनी स्वतःच जमातीला बजावले. १२९३ मध्ये ते कैदेतच वारले. देह मात्र चौदा वर्षे परत मिळाला नाही. शेवटी १३०७ मध्ये एका ज्यू गृहस्थाने पैसे मोजून तो सोडवला आणि वर्म्सला नेला. त्या गृहस्थाची कबरही तिथेच त्यांच्या शेजारी आहे.

मग प्लेगचे वर्ष उजाडले. विहिरींत विष टाकल्याच्या अफवेवर स्ट्रासबुर्ग, एरफुर्ट अशा शहरांतील ज्यू वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. इतिहासाच्या पुस्तकांत याचे खापर भेदरलेल्या जमावावर फुटते. न्युरेम्बर्गची कागदपत्रे वेगळेच सांगतात. जून १३४९ मध्ये राजा चौथ्या कार्लने एका सरदाराला, तेथील ज्यू मारले गेले की त्यांची तीन उत्तम घरे तुला, असा शब्द दिला. नोव्हेंबरमध्ये ज्यूंची घरे पाडून तिथे बाजार वसवण्याची परवानगी शहराला मिळाली. ५ डिसेंबरला किमान ५६२ माणसे मारली गेली. सिनेगॉगच्या जागी चर्च उभे राहिले. ते आजही तेथील मुख्य चौकात आहे.

ज्यांनी रक्षणाचा मोबदला घेतला, त्यांनीच मरणाचाही हिशेब आधी मांडून ठेवला होता. काही वर्षांतच याच शहराने करांसाठी ज्यूंना पुन्हा बोलावले, १४९९ मध्ये हाकलले आणि पुढे १८५० पर्यंत एकाही ज्यूला नागरिकत्व दिले नाही.